काळ्या कातळातली झांबेझी

"पावलं बघून टाका, कातळ निसरडा आहे," गाइडनं मागे वळून सांगितलं. मी खाली बघितलं आणि चालायची थांबलेच. कातळ ओळखीचा होता. काळाभोर, उन्हानं किंचित तांबूस झालेला, अंगभर बारीक भोकं आणि काही भोकांत पांढऱ्या गारेचे दाणे घट्ट बसलेले. राजगडाच्या वाटेवर, हरिश्चंद्रगडाच्या नळीत, आजोळच्या ओढ्यात आयुष्यभर ज्या दगडावर पाय ठेवला तोच हा दगड. मी वाकून त्यावर तळहात टेकवला. सकाळचे नऊ वाजायचे होते, तरी तो तव्यासारखा तापला होता.

झांबियातल्या लिव्हिंगस्टन गावाजवळ, झांबेझी नदीवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याच्या पायथ्याशी उतरणारी ती वाट होती. नंतर रात्री भावाच्या पुस्तकांत शोधलं. धबधब्याखालच्या बटोका घळीचा हा बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला दगड, साधारण 18 कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटींच्या आसपासचा. इथला लाव्हा वाहत होता तेव्हा भारत आफ्रिकेपासून सुटा झालेलाच नव्हता. मला ते वाचून फार बरं वाटलं. परक्या देशात कुणी दूरचं नातेवाईक निघावं तसं.

भाऊ नोकरीनिमित्त झांबियाच्या राजधानीत, लुसाकात असतो. गेली तीन वर्षं "ताई, ये गं एकदा, नदी दाखवतो" म्हणून मागे लागला होता. शेवटी 2024 च्या ऑक्टोबरात जमलं. त्याच्या घरी पोचले त्या रात्री त्यानं पहिली गोष्ट शिकवली ती म्हणजे वीज कधी येते. दिवसातून जेमतेम तीन तास, तेही कधी मध्यरात्री दोनला. वीज आली की वहिनी उठायची, कुकर लावायची, इस्त्री करायची, सगळे फोन चार्जिंगला लावायची आणि पहाटे पुन्हा अंधारात झोपायची. तिनं त्याबद्दल एकदाही कुरकूर केली नाही. शेजारच्या शिंप्याचं दुकान मात्र बंदच पडलं होतं. त्याची मशीन विजेवरची.

कारण साधं होतं. आदल्या पावसाळ्यात एल निन्योमुळे पाऊस पडलाच नव्हता. फेब्रुवारीतच सरकारनं राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावर चालते, आणि त्यातलं मोठं केंद्र म्हणजे झांबेझीवरचं करिबा धरण. मी गेले त्या महिन्यात करिबात वीज काढण्याजोगं पाणी दहा टक्क्यांच्याही खाली गेलं होतं.

आणि हीच कोरडी नदी राफ्टिंगला, म्हणजे रबरी होडीतून खळाळ पार करायला, सगळ्यात चांगली.

हे मला घळीत उतरल्यावर कळलं. धबधब्याची रुंदी 1,708 मीटर, उंची 108 मीटर. जगात पाण्याचा एवढा मोठा सलग पडदा दुसरीकडे नाही. पण ऑक्टोबरात झांबियाच्या बाजूनं बघाल तर बराचसा भाग नुसता उघडा काळा कडा असतो, त्यावरून इकडेतिकडे चार-दोन धारा. पावसाचं पाणी वरच्या पठारांवरून, दलदलींतून हळूहळू येतं आणि एप्रिलच्या सुमारास नदी तुडुंब होते. तेव्हा घळ इतकी भरते की कातळ खोल बुडतात, कित्येक खळाळ पाण्याखाली सपाट होऊन जातात, आणि काही आठवडे तर राफ्टिंग बंदच ठेवावं लागतं. ऑगस्टनंतर पाणी उतरतं. मग कातळ डोकं वर काढतात, नदी अरुंद होते, उतार दिसायला लागतो आणि पाण्याला चिमटीतून निघावं लागतं. तिथेच ती उसळते. म्हणून ऑगस्ट ते डिसेंबर हे इथे सुट्टीसाठी येणाऱ्यांचे दिवस. दर वर्षी असंच असतं. 2024 साली पाणी आणखी खाली होतं, एवढंच.

आम्ही राफ्टमध्ये आठ जण. मी, भाऊ, हॉलंडहून आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं, दक्षिण आफ्रिकेतल्या तीन मैत्रिणी आणि मागे उंचावर बसलेला आमचा गाइड. तो चाळिशीचा, अंगानं सडसडीत, पण मनगटं सुताराची असावीत तशी. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली हाडाची एक आकृती होती. अंग सापाचं, तोंड माशाचं. मी विचारायचं ठरवलं, पण त्याआधीच त्यानं हुकूम शिकवायला घेतले. "फॉरवर्ड" म्हटलं की वल्हं मारायचं, "गेट डाऊन" म्हटलं की राफ्टच्या पोटात बसून दोरी धरायची, "हाय साइड" म्हटलं की जी बाजू वर उचलली जाईल तिच्यावर सगळ्यांनी अंग टाकायचं. पाण्यात पडलात तर पाय पुढे, बोटं वर, आणि तळाशी पाय टेकवायचा नाही. कातळाच्या फटीत पाय अडकला की नदी माणसाला वाकवते. हे त्यानं तीनदा सांगितलं आणि प्रत्येकाकडून वदवून घेतलं.

खळाळांना इथे नंबर आहेत, एक ते पंचवीस, आणि नावंही आहेत. 1981 साली अमेरिकी नावाड्यांच्या एका चमूनं पहिल्यांदा ही घळ राफ्टनं पार केली आणि त्यानंतर पर्यटकांना नेणं सुरू झालं. बरीचशी नावं तेव्हापासूनची, साहेबी. पाच नंबरचा स्टेअरवे टू हेवन, सातवा गलिव्हर्स ट्रॅव्हल्स, पंधरावा वॉशिंग मशीन. नववा कमर्शियल स्युइसाइड. त्याच्यात प्रवाशांना नेत नाहीत. आम्ही राफ्टमधून उतरलो, कडेच्या धोंड्यांवरून चालत गेलो आणि गाइडनं रिकामा राफ्ट पाण्यात सोडून दिला. तो कातळांमधून कागदासारखा दुमडला, नाहीसा झाला आणि पन्नास पावलं खाली उलटा बाहेर आला. त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मला मात्र खळाळापेक्षा त्याच्या आधीचा क्षण जास्त लक्षात राहिला. प्रत्येक खळाळाच्या वर एक डोह असतो. पाणी हिरवं, संथ, तेलासारखं. वल्ही थांबतात. पुढून आवाज येतो पण दिसत काहीच नाही, कारण नदी तिथे एकदम खाली गेलेली असते. समोर पाण्याची एक सरळ रेघ, आणि रेघेपलीकडे मधूनच उडणारे पांढरे शिंतोडे. गाइड उभा राहायचा. अर्धा मिनिट नुसता बघायचा. कुठे पाण्याची जीभ गुळगुळीत आहे, कुठे भोवरा आहे, कुठल्या कातळाच्या मागे पाणी उलटं फिरतंय. मग एका वल्ह्यानं राफ्ट थोडासा तिरका करायचा. हातभर इकडेतिकडे, बास. पुढे जे काही व्हायचं ते त्या हातभरात ठरलेलं असायचं.

"कसं कळतं?" मी विचारलं.

"शाळा सुटल्यावर मी राफ्ट वाहायला यायचो," तो म्हणाला. "पाच वर्षं हमाली केली. वर चढताना दम लागला की बसायचो आणि पाणी बघायचो. कुठला राफ्ट उलटतो, कुठला नाही, ते बघून बघून कळलं."

दहा नंबर ओलांडल्यावर एका वाळूच्या पट्ट्यावर जेवायला थांबलो. वर कडे दोन्ही बाजूंनी उभे. आकाशाची फक्त एक नागमोडी पट्टी दिसत होती. कड्याच्या कपारीतून एक छोटा ससाणा सुटला आणि बाणासारखा समोरच्या भिंतीकडे गेला. तैता ससाणा. तो दुर्मीळ आहे आणि असल्याच कड्यांत घरटं करतो, असं गाइड म्हणाला. मग मी गळ्यातल्या आकृतीबद्दल विचारलं.

"न्यामिन्यामी," तो म्हणाला. "नदीचा देव."

तो टोंगा होता. झांबेझीच्या दोन्ही काठांवर पिढ्यानपिढ्या राहिलेली ही माणसं. धबधब्यालाही त्यांचं स्वतःचं नाव आहे, शुंगु नामुतितिमा. त्याचे आजोबा खाली ग्वेंबेच्या खोऱ्यातले. नदीला पूर येऊन गेला की मागे उरलेल्या गाळात पेरायचं, आणि पावसावर दुसरं पीक वर घ्यायचं, अशी वर्षाला दोन पिकं. मग करिबा आलं. 1955 ला काम सुरू झालं, 1959 ला धरण उभं राहिलं. भिंत 128 मीटर उंच, आणि मागे साठलेला जलाशय जवळपास 280 किलोमीटर लांब. पाण्याच्या साठ्याच्या हिशेबानं माणसानं बांधलेलं जगातलं सगळ्यात मोठं तळं. त्यासाठी 57 हजार टोंगा माणसांना उठवलं. सप्टेंबर 1958 मध्ये ज्यांनी गाव सोडायला नकार दिला त्यांच्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण गेले.

टोंगा मानतात, न्यामिन्यामीची बायको धरणाच्या खालच्या बाजूला अडकली आणि तो वरच्या. बांधकाम चालू असताना 1957 आणि 1958 अशी लागोपाठ दोन वर्षं न भूतो असे पूर आले, पूल वाहून गेला, बांध फुटला. म्हातारी माणसं म्हणाली, तो तिच्याकडे जायला बघतोय. पुढे जलाशय भरल्यावर 1963 साली तिथे मोठा भूकंप झाला. तेव्हाही तेच म्हणाली.

हातातला पावाचा तुकडा माझ्या हातातच राहिला. ही गोष्ट मी ऐकलेली होती. देव वेगळा, नदी वेगळी, पण गोष्ट हीच.

माझी आजी जावळी तालुक्यातली. कोयनेच्या काठचं गाव. साठ-एकसष्ट साली धरणासाठी उठायला लागलं तेव्हा ती पंचविशीची होती, पदरात दोन मुलं आणि तिसरं पोटात. सरकारनं रायगडात जमीन दिली. तिकडची माती, तिकडचा पाऊस, तिकडची माणसं, सगळंच नवीन. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती त्या नव्या गावात चुलीपाशी होती. मडकी हलली. तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं ते माझ्या आईला अजून पाठ आहे: "बाय हलली." बाय म्हणजे गावातली देवी. तिला तिथेच पाण्याखाली ठेवून हे सगळे आले होते. मूर्ती उचलली होती, पण आजीचा त्या उचलण्यावर विश्वास नव्हता. जागा उचलता येत नाही, म्हणायची.

भूकंपाच्या अभ्यासकांच्या लेखांत करिबा आणि कोयना ही नावं बहुतेक वेळा शेजारीशेजारी येतात. जलाशयाच्या वजनानं आणि भेगांत मुरलेल्या पाण्यानं जमीन कशी हलू शकते, याची ही दोन ठळक उदाहरणं. कॉलेजात असताना मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दोन नावांमागे दोन काठांवरच्या माणसांनी एकच वाक्य म्हटलं असेल, हे मात्र वाळूवर बसून पहिल्यांदा कळलं.

मी गाइडला आजीची गोष्ट सांगितली. माझं इंग्रजी अशा वेळी तोकडं पडतं, भावानं मधे मधे मदत केली. गाइडनं शांतपणे ऐकलं, भांडी आवरली आणि "चला, पाणी वाट बघतंय," एवढंच म्हणाला.

जेवणानंतरचे खळाळ एकामागून एक आले, त्यांतले बरेच आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलेत. अठरावा मात्र वेगळा. त्याचं नाव ओब्लिव्हियन. तीन लाटा, एकीमागे एक. पहिली चढलो, दुसरी चढलो. तिसरी लाट पुढून आली नाही, ती खालून उठली. राफ्टची उजवी बाजू भिंतीसारखी उभी राहिली, गाइड "हाय साइड" ओरडला, मी अंग टाकलं आणि टाकायला तिथे काही नव्हतंच.

आत आवाज नसतो. एवढा वेळ कानठळ्या बसवणारी नदी, आणि आत एकदम सगळं बंद. रंग आधी पांढरा, मग हिरवा, मग काळसर. आपण वर आहोत की खाली, कळत नाही. मी हात पसरले तर हाताला कातळ लागला. गुळगुळीत, गार. तोच सकाळचा दगड, फक्त आता उन्हाबाहेरचा. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याच्या आतल्या बाजूला एक विचित्र शांतपणा होता, आणि त्यात आजीचं गाव आलं. साठ वर्षं हेच असेल तिथे. हाच रंग, हीच शांतता. चूल, उंबरा, बायचा चौथरा. मग लाइफ जॅकेटनं मला वर खेचलं आणि तोंडावर ऊन आपटलं.

दोन हातांनी खांद्याचे पट्टे धरून गाइडनं मला राफ्टमध्ये ओढून घेतलं. त्याच्या गळ्यातला न्यामिन्यामी माझ्या गालाला घासला. मी खोकत होते, रडत होते, आणि त्या मैत्रिणी मला मिठ्या मारत होत्या.

या घळीवर धरण बांधायचा बेत आहे. बटोका धरण. अनेक दशकं त्याचे आराखडे होतायत. धबधब्याच्या सुमारे पन्नास किलोमीटर खाली 181 मीटर उंच भिंत, 2,400 मेगावॉट वीज, निम्मी झांबियाला, निम्मी झिंबाब्वेला. पाणी मागे फुगत जवळजवळ धबधब्याच्या पायथ्यापर्यंत येईल. म्हणजे स्टेअरवे, गलिव्हर्स, ओब्लिव्हियन, तो ससाण्याचा कडा, आमचा जेवणाचा वाळूचा पट्टा, सगळं एका तळ्याखाली.

मला ते होऊ नये असं वाटतं. अगदी मनापासून वाटतं. आणि हे लिहिताना लुसाकातली वहिनी डोळ्यांसमोर उभी राहते, रात्री दोनला कुकर लावणारी. तो बंद पडलेला शिंपी. नदी वाहती राहावी असं म्हणताना मी माझ्या पुण्याच्या घरात दिव्याखाली बसले आहे, आणि त्या दिव्यात कोयनेची वीज आहे. मी पहिल्यांदा वल्हं हातात धरलं ते कोलाडला, कुंडलिकेवर. तिथला खळाळ म्हणजे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडलेलं पाणी. ते येतं मुळशीच्या धरणातून. त्याच मुळशीसाठी 1921 साली सेनापती बापटांबरोबर मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले, तुरुंगात गेले, आणि तरी गावं बुडाली. त्या पाण्यावर आम्ही ऑफिसची सहल नेली होती, भजी खाल्ली होती. तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आज मी तिथे जाणार नाही असं नाही, पण पाण्यात हात घालताना ते आठवेल.

बटोकाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वारंवार मनात येते. ज्या दुष्काळानं करिबा रिकामं केलं, तो याच नदीतला दुष्काळ. वरून पाणी आलंच नाही, म्हणून खालचं तळं आटलं. त्याच नदीवर आणखी एक भिंत बांधली तर पाऊस नसलेल्या वर्षी तीही याच पाण्याकडे डोळे लावून बसेल. झांबियाचं ऊन मात्र मी पाहिलंय. सकाळी नऊला कातळ तापवणारं ऊन. त्या उन्हावर वीज काढायला एक गावही बुडवावं लागणार नाही. मी इंजिनीअर नाही, भाऊ आहे, आणि त्याचंही मत हेच.

संध्याकाळी शेवटचा खळाळ संपला आणि चढ सुरू झाला. घळीतून वर यायची वाट म्हणजे दगडांत रोवलेल्या लाकडी खांबांच्या पायऱ्या, उभ्याच्या उभ्या. मी प्रत्येक वळणावर बसत होते. माझ्या शेजारून हमाल चढत होते. राफ्टमधली हवा काढून, गुंडाळी करून, दोरांनी बांधून ते वर नेत होते. काहींच्या पायात टायरच्या चपला, काही अनवाणी. एक पोरगा असेल अठरा-एकोणीसचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वल्ह्यांचा भारा. माझ्याजवळ तो क्षणभर थांबला, वळून खाली नदीकडे बघितलं आणि पुन्हा चढायला लागला. त्याच्या पोटऱ्यांवरचे स्नायू मी अजून विसरले नाही. सुट्टीवर आलेल्या माणसांचा एक दिवस किती जणांच्या पाठीवरून वर येतो, ते त्या चढावर डोळ्यांनी दिसतं. भावानं खिशातले सगळे पैसे त्या पोरांत वाटले. ते पुरेसे नव्हते.

वर पठारावर कंपनीचा ट्रक उभा होता. ट्रकच्या बॅटरीला चार्जिंगच्या प्लगांची एक पाटी जोडलेली, आणि त्या पाटीत पंधरा-वीस फोन अडकवलेले. गाइडांचे, हमालांचे, कयाकवाल्यांचे. सकाळी येताना लावायचे, संध्याकाळी जाताना काढायचे. घरी चार्ज होत नव्हते.

गाइड माझ्या शेजारी येऊन पाणी प्यायला. सूर्य खाली गेला होता, घळीतून नदीचा आवाज तेवढा वर येत होता. त्यानं विचारलं, "तुमच्या आजीचं गाव... त्या धरणातून वीज झाली ना?"

"झाली."

"तिला मिळाली?"

"मिळाली," मी म्हटलं. "नव्या गावात. अठरा वर्षांनी."

त्यानं मान हलवली. "माझ्या आजोबांना नाही मिळाली," म्हणाला, आणि पाटीतून आपला फोन काढायला गेला.